अडलेल्या मेंढीचे कोकरू: पहिल्या ७२ तासांत काय पाहावे, काय करावे

मेंढी अडते, तास-दीड तास कळा देऊनही मोकळी होत नाही, शेवटी हात घालून कोकरू काढावे लागते, ते एकदाचा श्वास घेते आणि जमलेल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो. नव्या पाळणाऱ्याचे लक्ष नेमके याच क्षणी सुटते. आता आई आहे, दूध आहे, बाकीचे निसर्ग बघेल, असे समजून माणसे हात धुऊन झोपायला जातात आणि सकाळी कोकरू गारठून मेलेले आढळते. मग दोष थंडीला, पावसाला किंवा ‘आईने जवळ घेतले नाही’ या कारणाला दिला जातो. प्रत्यक्षात त्या मृत्यूची सुरुवात बहुतेक वेळा प्रसूतीच्या वाटेतच झालेली असते. अडलेल्या विण्यातून वाचलेले कोकरू हे वाचलेले नसून वाचवायचे बाकी असलेले कोकरू असते, आणि ते काम साधारण पुढचे ७२ तास चालते, एवढे या लेखातून मनावर ठसावे अशी माझी इच्छा आहे.

हा लेख मुख्यतः मुंबईत राहून मुरबाड, शहापूर, कर्जत, पालघर अशा भागांत थोडी जमीन घेऊन पाच-पंधरा मेंढ्या पाळू लागलेल्या कुटुंबांसाठी आहे. त्यांच्यातले बहुतेक जण आठवड्यातून एकदा शेतावर जातात, जनावरे तिथले एखादे कुटुंब सांभाळते आणि मेंढी अडल्याची बातमी अवेळी फोनवर येते. म्हणून जवळ असताना हाताने काय करायचे आणि लांब असताना फोनवर काय विचारायचे, या दोन्ही गोष्टी इथे सांगितल्या आहेत.

कोकराच्या शरीरात काय घडते

पोटातल्या कोकराला प्राणवायू वारेतून, नाळेवाटे मिळतो. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशय आवळले जाते आणि तो पुरवठा क्षणभर कमी होतो. प्रसूती वेळेत झाली तर कोकरू हे सहज सोसते. पण कळा लांबल्या, नाळ दबली किंवा वार अकाली सुटू लागली, की रक्तातला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल तयार होते आणि रक्त आम्लधर्मी होते. असे कोकरू जन्मल्यावर श्वास घेते, हृदयही चालते, पण ते सुस्त असते. मान सावरत नाही, उठायला उशीर लागतो, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सड तोंडात दिला तरी ओढण्याची ऊर्मी कमी असते.

याच्या जोडीला ऊब टिकवण्याची अडचण येते. नवजात कोकराच्या मूत्रपिंडांभोवती आणि इतर काही ठिकाणी तपकिरी रंगाची विशेष चरबी असते. ती जाळून ते न कुडकुडताही उष्णता निर्माण करते. ही चरबी जाळायला प्राणवायू लागतो, आणि प्रसूतीत गुदमरलेल्या कोकराला नेमका तोच कमी पडलेला असतो. म्हणजे ते आधीच कमी उष्णता निर्माण करते, उशिरा उठते, उशिरा चीक पिते, त्यामुळे इंधन संपते, शरीर आणखी गार पडते आणि गार पडलेले कोकरू चोखणेच सोडून देते. ही साखळी एकदा सुरू झाली की आपोआप तुटत नाही.

ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात मेलेल्या कोकरांची जी शवविच्छेदने झाली, त्यांत भुकेने आणि थंडीने मेल्यासारख्या दिसणाऱ्या अनेक कोकरांच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आवरणांत जन्मावेळचा रक्तस्राव सापडला होता. म्हणूनच अडलेल्या मेंढीच्या कोकराकडे, ते वरवर धडधाकट दिसले तरी, आजारी म्हणूनच पाहावे.

‘कोकणपट्टीत कसली आली थंडी’ असे मुंबईकर सहज म्हणतो, पण ओल्या कोकराला हा हिशोब लागू पडत नाही. अंगावरचे पाणी वाफ होऊन उडताना शरीरातली उष्णता घेऊन जाते, आणि जुलैच्या रात्री वारा व पावसाचे तुषार आत येणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये हवा २५ अंश सेल्सिअस असली तरी तीन किलोचा ओला जीव तासाभरात धोक्यात येऊ शकतो. दख्खनी मेंढी ही मुळात कोरड्या पठाराची. धनगर बांधव पाऊस संपल्यावर आपले कळप कोकणात उतरवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा घाटावर नेतात, ते उगाच नव्हे. ती मेंढी बाराही महिने कोकणात ठेवायची असेल, तर जमिनीपासून उंच, फळ्यांमध्ये फटी ठेवलेला कोरडा माचा आणि वाऱ्याच्या बाजूचा आडोसा आधी बांधावा, मेंढ्या नंतर आणाव्यात. शक्य असेल तर मेंढा सोडण्याची वेळ अशी निवडावी की विणे पावसाळ्यात येणार नाही. गाभणकाळ सरासरी १४७ दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांना थोडा कमी असतो.

आधीची तयारी

गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. या काळात खुराक तुटला तर कोकरू लहान आणि चरबीविना जन्मते, मेंढीला चीक कमी येतो आणि ती कळा द्यायलाही थकते. उलट एकच गर्भ असलेल्या मेंढीला बेसुमार खुराक दिला तर कोकरू थोराड होऊन अडते. पहिलारू मेंढी वाढ पुरी होण्याआधी भरवू नये आणि तिच्यावर मोठ्या हाडापेराच्या जातीचा मेंढा सोडू नये, कारण अडण्याचे प्रमाण पहिल्या वेताला अधिक असते. जुळ्यांचा प्रश्न वेगळा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. असा वाण घेतला असेल तर जुळी-तिळी गृहीत धरूनच तयारी हवी: कोकरे लहान, पायात पाय अडकण्याची शक्यता, आणि एका कासेवर दोन-तीन तोंडे.

आंत्रविषार व धनुर्वाताच्या लसीचा डोस विण्याआधी तीन-चार आठवडे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावा, म्हणजे त्याचे संरक्षण चिकातून कोकराला मिळते. एका डब्यात पुढील वस्तू तयार ठेवाव्यात: हातमोजे, निर्जंतुक वंगण जेल, पोव्हिडोन किंवा टिंक्चर आयोडीन, दोन मऊ सुती दोऱ्या, जुने टॉवेल, डिजिटल थर्मामीटर, ६० मिलीची सिरिंज, मऊ फीडिंग ट्यूब, बाटली व निपल, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि चांगला टॉर्च.

सगळ्यांत महत्त्वाची तयारी म्हणजे माणसाची. परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय मुंबईत असले, तरी मुरबाडची अडलेली मेंढी टेम्पोत घालून परळपर्यंत आणणे हा उपाय नव्हे. त्या प्रवासात कोकरू जाते आणि अनेकदा मेंढीही. शेताजवळच्या सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी, रात्री येऊ शकणारे एखादे खासगी पशुवैद्यक आणि गरज पडल्यास मेंढीचे सिझेरियन तिथे कोण करू शकते, ही तीन नावे आधी भेटून, बोलून वहीत लिहून ठेवावीत. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा.

मेंढी अडली हे कसे ओळखावे

विण्याआधी मेंढी कळपापासून बाजूला होते, पुढच्या पायाने जमीन उकरते, उठबस करते. ही पहिली अवस्था दोन ते सहा तास, पहिलारूत त्याहून थोडी जास्तही चालते, आणि तेव्हा तिला छेडू नये. खरी घड्याळे दोन. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काहीच पुढे सरकले नाही, किंवा पाणमोट फुटून तास झाला आणि कोकराचा कोणताही भाग दिसला नाही, तर मदत लागणार हे ठरवून पशुवैद्यकाला फोन करावा.

सरळ बाळंतपणात दोन पुढचे खूर आणि त्यांच्यावर टेकलेले नाक दिसते. एकच खूर व नाक दिसले तर दुसरा पाय मागे दुमडलेला आहे. नुसते डोके बाहेर असेल तर दोन्ही पाय मागे आहेत. पाय दिसतात पण नाक नाही, तर मान वळलेली आहे किंवा कोकरू पायाळू आहे. खुरांचे तळवे वर असतील तर पायाळूची शंका घ्यावी, आणि खात्री सांध्यांवरून करावी: पुढच्या पायाचे खुराजवळचे पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकतात, मागच्या पायाचे विरुद्ध दिशांना.

सर्वाधिक फसवणारा प्रकार म्हणजे केवळ शेपटीकडून आलेले, मागचे पाय पोटाखाली दुमडलेले कोकरू. ते वाटेत नीट बसतच नसल्यामुळे मेंढी जोराच्या कळा देत नाही. ती नुसती अस्वस्थ राहते, मधूनच चरते, आणि पाहणाऱ्याला वाटते अजून वेळ आहे. अशा वेळी तासांचा हिशोब हाच आधार असतो.

फोन मुंबईत आला असेल तर घाबरलेल्या माणसाला सूचना देण्याआधी चार प्रश्न शांतपणे विचारावेत. पाणमोट किती वाजता फुटली? आत्ता बाहेर काय दिसते आहे, खूर, नाक की शेपूट, आणि खुराचा तळवा कुठे? बाहेर येणारे पाणी स्वच्छ आहे, पिवळट-तपकिरी आहे की दुर्गंधी येते? मेंढी उभी राहते का? टॉर्च धरून व्हिडिओ पाठवायला सांगावा आणि तोच पशुवैद्यकाकडे पाठवावा. पिवळट-तपकिरी पाण्याचा अर्थ कोकराने गुदमरून पोटातच विष्ठा केली असा होतो, आणि मग वाट पाहायला वेळ उरलेला नसतो.

‘लवकर सुटावी म्हणून’ कोणी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देऊ लागला तर त्याला ठामपणे थांबवावे. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसताना किंवा कोकरू आडवे असताना ते दिले तर गर्भाशय कोकराभोवती आवळते, प्राणवायू तुटतो आणि गर्भाशय फाटूही शकते. ते कधी द्यायचे हे केवळ तपासणी केलेल्या पशुवैद्यकाने ठरवावे.

मदत करताना कोकराचे नुकसान होऊ नये म्हणून

हात घालण्याचे कौशल्य लेख वाचून येत नाही, ते जाणत्याच्या शेजारी बसून शिकावे. तरी काही मर्यादा नवख्यालाही माहीत हव्यात. नखे कापलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले, हातमोजे घातलेले आणि भरपूर वंगण लावलेले असावे. वंगण कमी पडणे हे जखमांचे मोठे कारण आहे. गर्भवती स्त्रीने विणाऱ्या मेंढीच्या, वारेच्या किंवा ओल्या कोकराच्या जवळही जाऊ नये, कारण ब्रुसेला, क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा यांसारखे जंतू त्यातून माणसाला लागू शकतात.

ओढणे हे स्थिती सरळ केल्यानंतरचे काम आहे. दोरी खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर बांधावी, एका वेळी एकच पाय थोडा पुढे घेऊन खांदे तिरके करावेत, आणि फक्त कळेबरोबर, मेंढीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने खाली ओढावे. खालच्या जबड्याला धरून कधीही ओढू नये, तो हातात मोडतो. एका माणसाच्या बेताच्या जोराने जे येत नाही, ते दोघांनी ओढून आणायचे नसते. तिथे बरगड्या मोडतात, यकृत फाटते, आणि असे कोकरू जन्मताना जिवंत असले तरी काही तासांत पांढरे पडून मरते. दहा-पंधरा मिनिटांच्या प्रयत्नात प्रगती नसेल तर थांबावे आणि सिझेरियनची तयारी करावी.

पायाळू कोकरू मागच्या दोन्ही पायांवर आले असेल तर त्याला वळवायचा खटाटोप नको. ते तसेच येते. मात्र त्याचा पार्श्वभाग बाहेर आला की नाळ मेंढीच्या हाडावर दबते आणि डोके अजून पाण्यातच असते, म्हणून तिथून पुढे न थांबता, सलग काढावे.

पहिली दहा मिनिटे

कोकरू बाहेर येताच नाकातोंडातला चिकट पदार्थ बोटाने व कोरड्या कापडाने पुसून काढावा. मागचे पाय धरून गरगर फिरवण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते, ती सोडून द्यावी. उलटे धरल्यावर जे पाणी गळते त्यातले बरेचसे पोटातले असते, आणि पोटातल्या अवयवांचा भार श्वासपटलावर पडून श्वास उलट कठीण होतो. डोके काही सेकंद खाली धरणे पुरते. मग कोकराला पोटावर, पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय दोन्ही बाजूंना असे बसवावे, म्हणजे दोन्ही फुप्फुसे फुलतात. गवताची काडी नाकपुडीत हळूच फिरवली की शिंक येते आणि श्वास सुरू होतो. न झाल्यास कानात थंड पाण्याचे थेंब टाकावेत आणि टॉवेलने छाती-पाठ जोरात चोळावी. तोंडाला तोंड लावून फुंकू नये, त्यात आपल्याला संसर्गाचा धोका आहे.

श्वास नियमित झाला की कोकराकडे नीट, उजेडात पाहावे. अंगावरची लोकर स्वच्छ आहे की हळदीत बुडवल्यासारखी पिवळी आहे? पिवळी असेल तर ते पोटात गुदमरले होते. हिरड्या गुलाबी आहेत, निळसर आहेत की पांढऱ्या? डोके सुजले आहे का, जीभ जाड होऊन बाहेर लोंबते आहे का? बरगड्यांवरून हलका हात फिरवताना कुठे करकर लागते का? चारही पाय सरळ आहेत का? या पाहणीला मिनिटभर लागतो आणि पुढच्या तीन दिवसांची दिशा तिच्यावर ठरते.

नाळ आयोडीनमध्ये पूर्ण बुडवावी, नुसता थेंब लावू नये. काही तासांनी पुन्हा बुडवावी. ती पोटाच्या अगदी जवळ तुटून रक्त वाहत असेल तर निर्जंतुक दोऱ्याने बांधावी.

निरोगी कोकरू काही मिनिटांत मान उचलते, अर्ध्या तासाच्या आसपास उभे राहते आणि दोन तासांच्या आत पिते. अडलेल्या कोकराला ही वेळ पाळता आली नाही, तर थांबून पाहत न बसता पुढची पावले टाकायची.

ऊब: थर्मामीटर काय सांगतो

कोकराचे तापमान गुदद्वारात मोजावे. माणसांचा डिजिटल थर्मामीटर चालतो, फक्त तो मेंढ्यांसाठी वेगळा ठेवावा. १०२ ते १०४ फॅरनहाइट हे ठीक. १०२ च्या खाली, पण ९८.६ च्या वर असेल तर कोकरू गारठू लागले आहे: अंग पूर्ण कोरडे करावे, आडोशाला न्यावे, चीक पाजावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. ९८.६, म्हणजे आपल्या स्वतःच्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली गेले, तर ती जिवावरची वेळ समजावी. बोट तोंडात घालून पाहावे. तोंड आतून गार लागले आणि जीभ बोटाला लपेटत नसेल, तर थर्मामीटरची वाट न पाहताही उत्तर मिळते.

इथे एक बारकावा आहे. जन्मून पाच तासांच्या आतले कोकरू असेल तर त्याच्या शरीरात थोडी चरबी शिल्लक असते, त्याला कोरडे करून थेट ऊब द्यावी. पाच तासांहून मोठे, न प्यायलेले आणि ९८.६ च्या खाली गेलेले कोकरू असेल, तर रक्तातली साखरही संपलेली असते. त्याला आधी ऊब दिली तर मेंदूची साखरेची गरज वाढते आणि ते आचके देऊन मरते. त्याला आधी पोटाच्या पोकळीत ग्लुकोजचे इंजेक्शन लागते, साधारण २० टक्के द्रावण, शरीराच्या तापमानाइतके कोमट, दर किलो वजनाला १० मिली. हे पशुवैद्यकानेच द्यावे किंवा त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. ऊब त्यानंतर.

ऊब देण्यासाठी पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे खोके, तळाला कोरडे गवत, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना, एवढे पुरते. बल्ब लावायचा तर कोकराला चटका बसणार नाही आणि गवत पेटणार नाही इतक्या उंचीवर, पक्का बांधून. पावसात वीज जाते, म्हणून बाटल्यांची सोय असावीच. दर अर्ध्या तासाने तापमान मोजावे आणि १०० च्या वर स्थिर झाले की चीक देऊन आईजवळ न्यावे. ९८.६ च्या खाली असताना दूध किंवा चीक तोंडाने अजिबात देऊ नये. गिळण्याची क्रिया मंदावलेली असते आणि दूध फुप्फुसात जाते.

चीक: किती, कधी, कसा

मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये कोकरापर्यंत पोहोचत नाहीत. कोकरू जन्मते ते कोणत्याही संरक्षणाविना, आणि ते सगळे चिकातून यायचे असते. आतड्याची ती द्रव्ये शोषण्याची क्षमता जन्मापासून झपाट्याने घटते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात जावा. दर किलो वजनाला एका वेळी ५० मिली आणि पहिल्या २४ तासांत दर किलो वजनाला एकूण २०० मिली हा हिशोब धरावा. तीन किलोच्या कोकराला एका वेळी १५० मिली, असे दिवसभरात चार वेळा मिळून ६०० मिली.

आधी मेंढीची कास धुऊन प्रत्येक सडातून पहिली चिळकांडी काढावी, म्हणजे सडाच्या तोंडाचा मेणासारखा बुच निघतो. कोकराला सडाला लावून पाहावे. ओढत नसेल तर चीक काढून बाटलीने, कोकरू पोटावर बसलेले किंवा उभे असताना, मान फार वर न करता पाजावा. बाटलीही ओढत नसेल पण कोकरू मान सावरत असेल आणि तापमान ९८.६ च्या वर असेल, तर ट्यूबने द्यावा. ट्यूब नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजून खूण करावी, तोंडाच्या कडेने हळू सरकवत कोकराला ती गिळू द्यावी, खोकला आला तर लगेच मागे घ्यावी, आणि सिरिंजचा दट्ट्या काढून चीक आपल्या वजनानेच उतरू द्यावा. पहिली ट्यूब कोणी जाणत्याने समोर बसून घालून दाखवलेली असावी, असा माझा आग्रह आहे.

आईला चीक नसेल तर त्याच दिवशी व्यायलेली दुसरी मेंढी, तीही नसेल तर आपल्याच गोठ्यातली निरोगी शेळी, आणि अखेरीस ओळखीच्या निरोगी गाईचा पहिल्या दिवसाचा चीक. जास्तीचा चीक छोट्या पिशव्यांत गोठवून ठेवावा आणि कोमट पाण्यात बुडवून वितळवावा. उकळल्यास त्यातली द्रव्ये नष्ट होतात. मुंबईत डेअरीवर खरवसासाठी जो चीक मिळतो, तो यासाठी कामाचा नाही: तो कितव्या दिवसाचा, त्यात पाणी किती आणि जनावर कोणते, यांपैकी काहीच हाती लागत नाही.

आईचेही दुखत असते

अडून सुटलेली मेंढी थकलेली आणि वेदनेत असते. ती चाटायला उठत नाही, कधी कोकराला ढुशी देते. तिला नाठाळ समजू नये. कोकराच्या अंगावरचा ओलावा तिच्या नाकाशी येईल असे त्याला ठेवावे, आणि कोकरू चांगले चालू असेल तर सगळे अंग आपणच पुसून काढण्याआधी तिला काही मिनिटे चाटू द्यावे. तो वास हीच तिची ओळख. गारठणाऱ्या कोकराच्या बाबतीत मात्र आधी कोरडे करावे आणि तिच्या नाकाला थोडा ओलावा लावावा. आत दुसरे कोकरू राहिलेले नाही याची खात्री करून घ्यावी, तिला गुळाचे कोमट पाणी द्यावे, आणि वेदनाशामक व प्रतिजैविक यांबद्दल पशुवैद्यकांना विचारावे. वेदना कमी झाली की ती उभी राहून कोकराला पाजते, म्हणून हा खर्च कोकरासाठीच आहे असे समजावे. वार साधारण दोन-तीन तासांत पडते. १२ तासांत न पडल्यास ओढू नये, डॉक्टरांना कळवावे. आई आणि कोकरे यांना दोन दिवस कळपापासून वेगळ्या छोट्या खणात ठेवावे.

पुढचे तीन दिवस

सुजलेले डोके व जीभ सहसा एक-दोन दिवसांत उतरते, पण तोपर्यंत कोकराला चोखता येत नाही आणि त्याला ट्यूबवरच ठेवावे लागते. नव्या माणसाला ते भयंकर दिसते आणि तो आशा सोडतो, हे फार वाईट, कारण अशी कोकरे वेळेवर चीक मिळाल्यास चांगली सावरतात. मोडलेला पाय पशुवैद्यकाने बांधला तर कोवळे हाड लवकर जुळते. मोडलेल्या बरगड्यांच्या कोकराला छातीखाली हात घालून उचलू नये.

पहिली रात्रभर दर दोन-तीन तासांनी पाहणी हवी. पोटाला हात लावावा: भरलेले पोट हाताला लागते, रिकामे पोट आत ओढलेले असते. झोपलेल्या कोकराला उठवावे. प्यायलेले कोकरू उठून अंग ताणते, उपाशी कोकरू पाठीला कुबड काढून उभे राहते. सकाळ-संध्याकाळ तापमान आणि रोज एकदा वजन वहीत लिहावे. वजन दुसऱ्या दिवशीही वाढले नाही, तर ‘पितंय की’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. शेतावरच्या माणसाला हाच आकडा फोनवर विचारावा.

तोंडातून लाळ गळणे आणि पोट फुगणे, घरघरणारा श्वास, नाळेची सूज, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी सांधे सुजून लंगडणे ही चीक उशिरा मिळाल्याची आणि जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच दिवशी उपचार सुरू व्हावेत.

कोकरू दगावले तर

ते लगेच पुरून टाकू नये. शक्य असल्यास पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे. नाही जमले तर हातमोजे घालून निदान बाहेरून तरी पाहावे. जन्मलेल्या कोकराच्या खुरांच्या तळाला रबरासारखे मऊ, पिवळट आवरण असते. ते अखंड असेल तर कोकरू एकदाही चाललेले नाही, झिजलेले असेल तर ते उठले होते आणि नंतर गेले. डोके व मान सुजलेली आहे का, लोकर पिवळी आहे का, हे लिहून ठेवावे. डॉक्टर पोट उघडतील तेव्हा त्यांना तीन गोष्टी दाखवायला सांगाव्यात: फुप्फुसाचा तुकडा पाण्यावर तरंगतो का, म्हणजे श्वास घेतला होता का, पोटात चिकाच्या गाठी आहेत का, आणि मूत्रपिंडांभोवतीची चरबी शाबूत आहे की जळून संपली आहे. चरबी शाबूत आणि पोट रिकामे असेल तर ते भुकेआधीच, विण्याच्या त्रासाने गेले. चरबी संपलेली आणि पोट रिकामे असेल तर ते उपाशी राहिले, आणि आपल्या रात्रीच्या फेऱ्या कमी पडल्या.

ही नोंद मेंढीच्या बिल्ला क्रमांकासमोर, मेंढ्याच्या नावासह ठेवावी. कोकराचा आकार किंवा अडण्याचे कारणही लिहावे. तीच मेंढी पुन्हा अडली तर तिला पुढे गाभण ठेवू नये, आणि एकाच मेंढ्याची कोकरे वारंवार अडत असतील तर तो मेंढा बदलावा. मेलेले कोकरू व वार चुन्यासह खोल खड्ड्यात पुरावी, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये, आणि तो खण धुऊन, चुना मारून, पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी गाभण मेंढी तिथे बांधू नये.